सुया पॉलिसीत बसत नाहीत

परवा रूपाली नावाची एक पोरगी विमा विकायला आली होती. खांद्याला पर्स, हातात फॉर्मांचा गठ्ठा. अंगणात चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, म्हणून मी तिला बस म्हटलं. नाहीतर विमावाल्याला मी ओट्याची पायरी चढू देत नाही. तिनं पेन उघडलं आणि विचारलं, "काकू, घरात कुणाला काही जुना आजार?"

मी म्हटलं, "थांब, आधी मी विचारते. तुझ्या या पॉलिसीत सुया बसतात का? ॲक्युपंक्चरच्या?"

ती कागदावर बोट फिरवत खाली खाली गेली. मग मान वर न करताच म्हणाली, "नाही काकू. ते वगळलंय."

"मग चहा घे आणि सुखानं जा," मी म्हटलं. चहा पिताना ती सारखी आतल्या पलंगाकडे बघत होती. तोंडानं काही विचारेना, पण डोळ्यांना राहवेना. शेवटी मीच सांगायला बसले. तिला जे सांगितलं तेच हे.

मी नवसाबाई. माहेर पंचवटीतलं, सातवीपर्यंत शिकलेली. दिलं मखमलाबादला, माळ्याच्या घरी. दीड एकर रान. त्यात झेंडू, शेवंती, बांधाच्या कडेनं गुलाब. पहाटे फुलं तोडायची, उजाडायच्या आत नाशिकच्या फूलबाजारात न्यायची आणि नऊच्या आत विकून मोकळं व्हायचं. माझा एक नियम होता. तोडलेलं फूल घरी परत आणायचं नाही. भाव पडला तरी चालेल, गिऱ्हाईक घासाघीस करो की काही करो, पाटी रिकामी झाली पाहिजे. उरलेल्या फुलाचा संध्याकाळी कचरा होतो आणि त्या कचऱ्याकडे बघून मला जेवण जात नाही.

आमचे हे, पुंजाराम, बोलायला अगदीच कमी. बाजारात भांडायचं मी आणि ओझं उचलायचं त्यांनी, अशी आमची वाटणी. घरातही तेच. मी दहा वाक्यं बोलणार, मग हे म्हणणार, "तू म्हणशील तसं." ह्यांचं दुखणं निघालं तेव्हा लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य मी रोज एकदा तरी ऐकलं असेल. मला फार आवडायचं ते. आता कानावर पडलं की अंगावर काटा येतो.

चौऱ्याण्णव साली सावळीरामभाऊजींनी आमच्या गळ्यात मेडिक्लेमची पॉलिसी मारली. ह्यांचे शाळेतले दोस्त. नोकरी कुठं टिकली नाही, मग विम्याची एजन्सी घेतली. माणूस वाईट नाही, पण पिच्छा सोडायचा नाही. "वहिनी, दवाखान्याचा सगळा खर्च कंपनी देते. तुम्ही वर्षाला फक्त हप्ता भरायचा." भरला बाई. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं भरला. आणि नऊ वर्षांत आम्हा दोघांना ताप-खोकला सोडून काही झालं नाही.

दरवर्षी हप्ता गेला की मी भाऊजींना विचारायची, "मागच्या वर्षीच्या पैशाचं काय झालं?"

"वहिनी, देवाची कृपा. आजारी पडला नाहीत."

"मग अर्धे तरी परत द्या की."

ते हसायचे. मी नाही हसायची. मला वाटायचं, भरलेली पाटी दरवर्षी मी आपल्या हातानं गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, ओतून येते. लोकांना हे कळणार नाही. ज्यानं जन्मभर नासणारा माल विकला, त्यालाच कळेल.

दोन हजार तीनच्या संक्रांतीला ह्यांनी शेवंतीचं क्रेट उचललं आणि तिथंच वाकून राहिले. मला वाटलं, उसण भरली. गरम वीट झाली, तेल झालं, सुंठ झाली. आठ दिवसांत कळ उजव्या पायात उतरली, कंबरेपासून थेट घोट्यापर्यंत. बसता येईना, झोपता येईना. हा माणूस कधी डोक्यावर हात मारून घेणारा नाही, पण भिंतीला धरून उभा राहायचा आणि डोळ्यातून पाणी गळायचं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले. म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय. गोळ्या घ्या, आराम करा, नाहीच उतार पडला तर ऑपरेशनचा विचार करू. गोळ्यांनी पोटात आग पडली, पाय होता तसाच राहिला.

आमच्याकडे दर गुरुवारी गुलाबाच्या पाकळ्या घ्यायला आलिमा डॉक्टर यायच्या. मूळच्या मालेगावच्या, युनानीची डिग्री आणि वरून मुंबईला जाऊन सुयांचं शिकून आलेल्या. गंगापूर रोडला स्टेशनरीच्या दुकानावर त्यांचा दवाखाना. पाच-सहा गुरुवार हे दिसले नाहीत तसं त्यांनी विचारलं, "काका कुठे?" मी रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, "घेऊन या. सकाळी नऊला या, मी तुमच्यापासूनच सुरुवात करीन."

तो जिना चढताना हे तीनदा थांबले. वर दोन टेबलं, मधे पडदा, बस्स. सुया बघितल्या मात्र, आमच्या ह्यांचा चेहरा उतरला. केसासारख्या बारीक सुया त्या! जन्मभर गुलाबाच्या काट्यांत हात घालणारा माणूस, आणि टेबलावर पोरासारखा आखडून पडला.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, काटे चालतात आणि माझी सुई नाही चालत होय?"

"काटा सांगून येत नाय, डॉक्टरीणबाई," हे म्हणाले. "ही सांगून येते, म्हणून भ्या वाटतं."

मग डॉक्टरांनी समजावलं. सुई टोचली की जागेवर एक झिणझिण उठते. ती उठली की तोंडानं सांगायचं, लागलं. "लागलं म्हणजे नस जागी आहे, काका. तुम्ही 'लागलं' म्हणालात की मी थांबेन." पहिली सुई पावलाच्या बाहेरच्या कडेला लावली. हे जोरात ओरडले, "आई गं! लागलं!" आणि मला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरला तरी थांबेना. डॉक्टरही हसल्या. हे पडल्या पडल्या म्हणाले, "हसा, हसा. तुमच्या पायात थोडीच हाय." त्या दिवसापासून तो आमचा खेळच झाला. सुई टोचली की ते ओरडणार आणि मी हसणार.

आठवड्यातून तीन दिवस जायचो. पाचव्या वेळेनंतर हे रात्रभर सलग झोपले. आठव्या वेळेनंतर मी विहिरीवरून आले तर हे रोपांच्या वाफ्याशी उकिडवे बसलेले, हातात खुरपं. अडीच महिन्यांत हा माणूस उकिडवा बसला नव्हता. मी ओरडले, "अहो, उठा, पुन्हा अडकाल!" तर म्हणाले, "अडकत नाय. बघ." आणि उठून उभे राहिले, हाताचा टेकू न घेता. मी घरात गेले, पिठाच्या डब्याशी बसले आणि मनसोक्त रडले. आनंदानं रडायची मला सवय नाही, म्हणून लपून रडले.

अकराव्या वेळेला डॉक्टर म्हणाल्या, "गाडी रुळावर आलीय. पण चाळीस वेळा तरी यावं लागेल. मधे सोडू नका. घाई करू नका."

आता घाईचं कारण सांगते. त्या वर्षी सिंहस्थ होता. बारा वर्षांतून एकदा गोदावरीवर ती गर्दी लोटते, आणि फूलवाल्याला त्या दोन महिन्यांत जे मिळतं ते दोन वर्षांत मिळत नाही. आम्ही सगळ्या रानात झेंडू धरला होता. बी, खत, ठिबक, सगळा पैसा मातीत गेलेला. घरात होतं नव्हतं ते संपलेलं. आणि श्रावणात हे पायावर उभे पाहिजेत, नाहीतर माल काढणार कोण, वाहणार कोण? सुयांचे पैसे दर वेळेला रोख जात होते. मी प्रत्येक पावती पिशवीत जपून ठेवली होती. मनात म्हटलं, नऊ वर्षांच्या पाट्या गंगेत ओतल्या, आता एक तरी परत येऊ दे.

सावळीरामभाऊजींनी पावत्या बघून डोकं खाजवलं. "वहिनी, हे बसेल की नाही, सांगता येत नाही."

"न बसायला काय झालं? माणूस बरा होतोय ना?"

त्यांनी पावत्या पाठवल्या. आता मधे कंपनीसाठी बिलं तपासणारं टीपीए म्हणून एक नवंच प्रकरण आलं होतं, त्यांचं ऑफिस मुंबईला. फोन केला की गाणं लागायचं. हातात पैसा नाही म्हणून तोवर सुया थांबवल्या होत्या. दीड महिना गेला आणि एक कागद आला, नकाराचा. मी तो कागद घेतला, भाऊजींना पुढं घातलं आणि कंपनीच्या ऑफिसात गेले.

तिथले साहेब तसे सभ्य. खुर्ची दिली, पाणी दिलं. पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पुस्तक उघडून माझ्यापुढे फिरवलं. म्हणाले, "बाई, एक तर ॲक्युपंक्चर यात बसत नाही. दुसरं, पेशंट चोवीस तास दवाखान्यात भरती पाहिजे. तुमचे मिस्टर तासाभरात घरी जातात."

"मग चोवीस तास सुया टोचून ठेवायच्या का?"

"बाई, मी नियम सांगतोय."

"नियम कुणी केला? ज्याचा पाय दुखला नाही त्यानं. अहो, माणूस सुयांनी चालायला लागलाय! चला मखमलाबादला, दाखवते!"

"मला पटतंय," साहेब म्हणाले. "पण माझ्या हातात काही नाही. उद्या ऑपरेशन केलंत तर लाखभर रुपये कंपनी बिनबोभाट देईल. सुयांचे शंभर नाही देणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथं काय काय बोलले ते आता सांगत नाही. शिपाई दारात येऊन उभा राहिला एवढं सांगते. भाऊजी मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. पण साहेबांचं ते एक वाक्य माझ्या कानात राहिलं. ऑपरेशनला देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुयांना गेलो. हे टेबलावर होते तेव्हा मी आलिमा डॉक्टरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "डॉक्टर, एक दिवस भरती दाखवा की. कागदावर दुसरं काहीतरी लिहा."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नवसाबाई, माझ्याकडे दोन टेबलं आहेत. खाट एक नाही. कुणाला भरती दाखवू? आणि खोटं लिहिलं तर मी उद्या कुणाला तोंड दाखवू?" मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पैशाचं सोडा ना. एकोणतीस वेळा राहिल्यात, तुम्ही नुसतं काकांना आणा. सिंहस्थ झाला की द्या. नाही दिले तरी मी विचारणार नाही."

बघा, देवमाणूस समोर उभा राहून सांगत होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नाही. तुमच्या दिवसाची भवानी आम्ही आहोत. भवानीला उधारी मी करणार नाही."

बाजारात बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. तो पैसा रोख यायचा, कपाळाला लावायचा, मग गल्ल्यात टाकायचा. पहिलंच गिऱ्हाईक उधार घेऊन गेलं तर दिवसभर धंद्याला बरकत नाही. आमच्याकडे भवानीला कुणी उधार मागितलं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. आणि नऊ वाजता त्यांचं पहिलं पेशंट आम्हीच असायचो. त्या बाईनं माझ्यावर उपकार करायचे आणि मी रोज तिचा दिवस नासवायचा? माझ्यानं होईना. डॉक्टर हसून म्हणाल्या, "मी असलं मानत नाही हो." मी म्हटलं, "मी मानते."

दुपारची वेळ मागितली असती तर? चौथं-पाचवं गिऱ्हाईक झालो असतो. मग उधारी चालली असती. एवढी साधी गोष्ट. शप्पथ सांगते, तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं ते महिन्याभरानं, ऑपरेशनच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली असताना. तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी भाऊजी घरी आले. ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, मी चौकशी केली. ऑपरेशन बसतं. आणि आता कॅशलेस झालंय. आपण एक पैसा भरायचा नाही, दवाखाना आणि कंपनी आपसात बघून घेतात. महिना-दीड महिन्यात माणूस उभा."

हे आत पडलेले होते. तिथूनच म्हणाले, "मला सुयांनी बरं वाटतंय."

सव्वीस वर्षांत या माणसानं माझ्या बोलण्याच्या आधी स्वतःचं मत सांगितलं, ते हे पहिल्यांदा. मी ऐकलं का? मी म्हटलं, "चाळीस वेळा जायचं म्हणजे श्रावण उलटेल. आणि नऊ वर्षं मी हप्ते भरले ते कुणासाठी? त्या मुंबईच्या गाण्यासाठी? ऑपरेशन तर ऑपरेशन, एकदाच काय ते होऊन जाईल. मोकळे व्हाल."

ह्यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं."

हाडांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. त्यांनी काही लपवलं नाही. "थोडा आराम पडलेला दिसतोय," असंही म्हणाले. "ऑपरेशननं लवकर मोकळं होईल. पण मणक्याचं काम आहे. शंभरात एखाद-दुसऱ्याला त्रास होतो." मी विचारलं, "बाकीचे अठ्ठ्याण्णव?" ते म्हणाले, "चालत घरी जातात." मी अंगठा नाही, सही केली. सातवी शिकलेली आहे ना मी. नवसाबाई पुंजाराम, असं गोल अक्षरात लिहिलं.

सुयांच्या पावत्यांना नाही म्हणायला त्यांना दीड महिना लागला होता. ऑपरेशनला हो म्हणणारा फॅक्स दोन तासांत आला. मी तो कागद हातात घेऊन अशी मिरवत आले, जणू काय लढाई जिंकले. ह्यांना म्हटलं, "बघा! वसूल केलं की नाही?" हे हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर पडले होते. म्हणाले, "केलंस बाई."

ऑपरेशन झालं ते जूनच्या शेवटी. संध्याकाळी हे शुद्धीवर आले, पाणी मागितलं, झेंडूला पाणी दिलं का ते विचारलं. पहाटे मला हाक मारली. "नवसा, माझ्या पायावर काही ठेवलंय का गं?" मी चादर वर केली. काही नव्हतं. "लय जड लागतंय," म्हणाले. "गोणी ठेवल्यासारखं." मी अंगठा दाबला. मग चिमटा काढला. मग नखं रुतवली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, पायाकडे नाही. "दाबतेस का?" त्यांनी विचारलं. मी धावत सुटले.

आत रक्त साकळलं होतं, नसांवर दाब आला होता. सकाळी पुन्हा उघडलं. डॉक्टर धावले, त्यांच्या परीनं सगळं केलं, मी त्यांना दोष देत नाही. शंभरातला एखाद-दुसरा कुणीतरी असतोच. तो आमच्या घरातला निघाला. कंबरेच्या खाली जे गेलं ते गेलं. "वाट बघू," म्हणाले, "कधी कधी सहा महिन्यांनीही परत येतं."

बिल सव्वा लाखाच्या वर गेलं. कंपनीनं एक पैसा कापला नाही. सावळीरामभाऊजी तो कागद घेऊन आले, माझ्या हातात द्यायची त्यांची हिंमत होईना, पलंगाच्या पायथ्याशी ठेवला आणि रडायला लागले. शेवटी मीच त्यांना पाणी दिलं. त्यांचं काय चुकलं होतं? बसतं ते त्यांनी सांगितलं. बसवलं मी.

श्रावण आला. सिंहस्थ आला. झेंडू असा फुलला त्या वर्षी की नजर ठरू नये. भावही सोन्यासारखा. मी मजूर लावून फुलं काढली, टेम्पोनं नेली, पाटी एकदाही परत आणली नाही. गोदाघाटावर माणसांचा पूर, आणि मी नोटा कमरेला खोचत होते. त्या एका महिन्याच्या पैशात चाळीस काय, चारशे वेळा सुया लावता आल्या असत्या. घरी आले की ह्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची. हे विचारायचे, "आज भाव काय निघाला?" मी सांगायची. "लय बेस," म्हणायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की मी तुला सांगितलं होतं. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, ओरडले असते, त्यांच्या छातीवर डोकं आपटून माफी तरी मागितली असती. न बोलणाऱ्या माणसाची माफी कशी मागतात, मला माहीत नाही.

बाजारात आलिमा डॉक्टर दर गुरुवारी यायच्या. मी त्यांना दिसू नये म्हणून शेजारणीला बसवून मागं जायची. दिवाळी झाल्यावर एकदा त्यांनी मला गाठलंच. कुठूनतरी कळलं होतं त्यांना. नुसतं म्हणाल्या, "घर कुठं आहे, सांगा. मी येते."

त्या आल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. स्कूटी अंगणात लावली, पिशवीतून डबी काढली. मी म्हटलं, "डॉक्टर, फी?" त्या म्हणाल्या, "चार वाजलेत, नवसाबाई. माझी भवानी कधीच झालीय." त्यांनी हे टोचून बोलायला म्हणून म्हटलं नाही. माझी लाज राखायला म्हटलं. पण मला उभ्या उभ्या कुणीतरी सोलावं तसं झालं.

हे उताणे होते. मी उशाशी बसले, त्यांचा हात हातात घेतला. डॉक्टर पायथ्याशी स्टुलावर. "काका, आठवतंय ना? लागलं की सांगायचं."

"आठवतंय की," हे म्हणाले. "आमच्या हिला हसायला पायजे ना."

पलंगाच्या मधे गोधडीचा ढीग होता, पाय त्यांना दिसत नव्हते. मला दिसत होते. काय ते पाय झाले होते! चार महिन्यांत पोटऱ्या वाळून गेलेल्या. डॉक्टरांनी घोट्याजवळ एक सुई लावली. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. काही नाही. गुडघ्याखाली दुसरी लावली, जरा खोल. काही नाही. अंगठ्याजवळ तिसरी. हे माझ्याकडेच बघत होते, माझ्या डोळ्यांत. माझ्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न चालला होता त्यांचा, की टोचली की नाही टोचली. मी तोंड दगडासारखं ठेवायला बघत होते. जमत नसणार. डोळे भरून आले होते माझे.

डॉक्टरांनी चौथी सुई घेतली. पावलाच्या बाहेरच्या कडेची, ती पहिल्या दिवसाची जागा. सुई हातात धरून दुसऱ्या हातानं त्या कापसाचा बोळा शोधत होत्या.

"आई गं!" हे मोठ्यांदा ओरडले. "लागलं! लागलं गं नवसा!"

डॉक्टरांनी वर बघितलं. सुई त्यांच्या हातातच होती, पायापासून वीतभर लांब. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. हे माझ्याकडे बघत होते आणि हसत होते.

मी पदर तोंडाशी धरला आणि हसले.